सापाला हाडं नसतात म्हणे!

नागपंचमी जवळ आली की हा मेसेज फिरायला लागतो, आमच्या फॅमिली ग्रुपवर यंदा तीन जणांनी टाकला. म्हणे साप नि गांडूळ एकाच जातीचे, दोघांना हाडं नाहीत म्हणून हवे तसे वळतात, आणि मांडूळ सापाला दोन तोंडं असतात. यातलं एकही खरं नाही.

हाडं नाहीत? अहो आपल्या पाठीत मणके ३३, सापाला जातीप्रमाणे साधारण २०० ते ४००, आणि शेपूट नि मानेचे पहिले एक-दोन सोडले तर प्रत्येक मणक्याला बरगड्यांची जोडी. तो वळतो ते हाडं खूप आहेत म्हणून. सायकलची चेन बघा, एकेक कडी थोडीशीच वळते पण कड्या इतक्या की पूर्ण वेटोळं होतं, आणि तीच चेन पिळायला गेलं तर पिळत नाही. सापाच्या मणक्यांनाही एकमेकांत अडकणारे जास्तीचे सांधे असतात, ते पीळ बसू देत नाहीत. म्हणून शेपटीला धरून गरागरा फिरवायचे, झटके द्यायचे व्हिडिओ बघवत नाहीत मला, तो कणा मोडू शकतो आणि आतला मज्जारज्जू दुखावतो, अगदी आपल्यासारखाच.

आता गांडूळ. त्याला ना कवटी ना कणा, नसांची मुख्य दोरी पोटाच्या बाजूने जाते, आपली आणि सापाची पाठीतून. दिसण्यावर जाऊ नका. कुंडीतल्या मातीत सापडणारा वाळा गांडुळाएवढाच दिसतो पण तो साप आहे, पूर्ण कण्यासकट. आणि कोकणातलं देवगांडूळ, ज्याला लोक साप समजून मारतात, ते ना साप ना गांडूळ, बेडकाच्या नात्यातलं आहे, त्यालाही कणा आहे, जबड्यात दात आहेत. उलट मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, अंगात एकही हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा, तरी ती कणा असलेल्यांतच मोडते.

राहिलं मांडूळ. त्याची शेपटी बोथट असते आणि घाबरलं की डोकं लपवून तीच वर करतं, एवढंच. आत एका टोकाला कवटी, दुसऱ्या टोकाला शेपटीचे मणके. पण या दोन तोंडांच्या गोष्टीपायी त्याची लाखांत तस्करी चालते, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा असूनही, आणि दुसरं तोंड दिसावं म्हणून काही गारुडी त्या जिवंत शेपटीवर डोळ्यांच्या, तोंडाच्या जखमा करतात. ज्यांनी मेसेज टाकला त्या तिघांनाही मी हे पाठवलंय, तुमच्याकडे आला तर तुम्हीही पाठवा.