टूथपेस्टची ट्यूब चुलीत घालू नका

‘टूथपेस्टच्या ट्यूबमागचं सत्य’ नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात गावोगावच्या गटांतून फिरतोय. त्यातले दावे असे: ट्यूबच्या टोकाला हिरवा चौकोन असेल तर ती पर्यावरणपूरक, काळा असेल तर घातक, उसापासून केलेली ट्यूब समुद्रात आपोआप विरघळते, अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब पूर्ण निर्धोक, आणि घरातल्या रिकाम्या ट्यूब न्हाणीच्या चुलीत जाळून राख माडांना घालावी. हा मेसेज गुहागरला माझ्या आत्याकडे पोचला आणि तिने शेवटची सूचना लगेच अमलात आणली. मी विचारलं तर म्हणाली, “अगो, एवढं मुद्देसूद लिहिलंय, खोटं कशाला असेल?”

म्हणून चुलीपासूनच सुरुवात करते. बाकीच्या दाव्यांनी गैरसमज होतील, या दाव्याने रोज सकाळी पाणी तापवणारीच्या छातीत धूर जातोय.

आपण जिला प्लास्टिकची ट्यूब म्हणतो ती बऱ्याचदा थरांची असते. आतबाहेर पॉलिथिन आणि मधे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, पेस्टचा वास आणि चव उडू नये म्हणून. सोडणं, करवंट्या, झावळ्यांवर पेटणाऱ्या चुलीत धग कमीजास्त होते, हवा पुरत नाही. तिथे पॉलिथिन अर्धवट जळतं आणि काजळी, कार्बन मोनॉक्साइड बसक्या छपराखाली कोंडतात. मेसेजमध्ये म्हटलंय की पॉलिथिनमध्ये क्लोरीन नसतं, त्यामुळे त्यातून डायॉक्सिन हे अतिविषारी रसायन तयार होत नाही. निव्वळ पॉलिथिनपुरतं हे खरं आहे, तेवढं मान्य. पण आपल्या चुलीत निव्वळ पॉलिथिन कधी गेलंय? एकदा प्लास्टिक जाळायची सवय लागली की ट्यूबमागोमाग गोळ्यांची रिकामी पाकिटं जातात, आणि त्यांत बऱ्याचदा पीव्हीसी जातीचं प्लास्टिक असतं, म्हणजे क्लोरीन आलंच. शिवाय काजळी फुप्फुसात जायला क्लोरीनची वाट पाहत नाही.

आणि राख! माडाला राख घालतात, पिढ्यान्‌पिढ्या घालत आलेत, कारण लाकडाच्या राखेत पालाश असतं. ट्यूबच्या राखेत पालाश कुठून येणार? मागे उरतात पापुद्र्याचे तुकडे आणि छपाईच्या रंगांचे अवशेष. ते आपण माडाच्या आळ्यात आपल्या हाताने ओततो आहोत. मागीलदारी ढीग करून कचरा पेटवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली आहे आणि त्यासाठी ५,००० रुपये दंड ठरवला आहे.

उसाच्या ट्यूबचा दावा दिसतो त्याहून जास्त घातक आहे, कारण ‘विरघळते’ म्हटलं की माणूस खुशाल खाडीत टाकतो. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून मोठ्या प्रमाणावर पॉलिथिन बनतं. त्यात खनिज तेल वाचतं, हा फायदा खरा. पण तयार होणारं पॉलिथिन अगदी तेच, तेलापासून बनतं तसं. ते समुद्रात विरघळत नाही.

विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लास्टिकचं काय होतं, ते इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी पाहिलं. त्यांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेल्या पिशव्या तीन वर्षं समुद्रात आणि मातीत राहूनही सामान वाहण्याइतक्या शाबूत होत्या. कंपोस्ट होणारी एक पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली खरी, पण त्याच जातीची पिशवी मातीत २७ महिन्यांनीही शिल्लक होती. हा अभ्यास पिशव्यांचा आहे; ट्यूबचं अंग त्याहून जाड, आणि तिला टोपणही असतं. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्यांच्या पाण्यात ट्यूब टाकायला सांगणाऱ्याला पर्यावरणाचं नाव घ्यायचा अधिकार नाही.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. भंगारवाला हा धातू घेतो, आणि तो पुन्हा वितळवून वापरला तर नव्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. पण नवा धातू बॉक्साइटमधूनच येतो. ज्यांना ‘पूर्ण निर्धोक’ वाटतं त्यांनी आमच्या जिल्ह्यातल्या बॉक्साइटच्या खाणी एकदा बघून याव्यात. ट्यूबला आतून लेपही द्यावा लागतो, नाहीतर पेस्टची धातूशी प्रक्रिया होते.

रंगीत चौकोनाचा ट्यूबच्या मालाशी काडीचा संबंध नाही. ट्यूब कुठे कापायची, कुठे बंद करायची हे यंत्रावरच्या सेन्सरला कळावं म्हणून तो छापतात.

मग घ्यायचं काय? एकाच जातीच्या प्लास्टिकची, म्हणजे एचडीपीईची (दाट पॉलिथिनची) ट्यूब त्यातल्या त्यात बरी. कोलगेटने २०१९ मध्ये तशी ट्यूब आणली आणि अमेरिकेतल्या प्लास्टिक पुनर्चक्रण करणाऱ्यांच्या संघटनेने तिला मान्यता दिली. पण ती गोळा करणारं कोणी आपल्या गावात आहे का, हे आधी विचारा. आत्याच्या वाडीवर येणारा भंगारवाला कुठलीच ट्यूब घेत नाही, जाड प्लास्टिकची बाटली मात्र वजनावर नेतो. म्हणून तिला मी तशा बाटलीतलं दंतमंजन आणून दिलंय. साठलेल्या ट्यूब ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितल्यात. तुमच्या गटात हा मेसेज आला असेल तर निदान चुलीचा मुद्दा खोटा आहे एवढं तिथे आजच लिहा, कारण पाणी उद्या सकाळीही तापायचंय.