'हरवलेले चर्च' या लेखावरील आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यातील स्टोक मँडव्हिल गावच्या जुन्या सेंट मेरी चर्चवरील माझ्या लेखाबद्दल आपण दोन आक्षेप घेतले आहेत. १९६६ साली पाडलेल्या आणि छायाचित्रांत दिसणाऱ्या वास्तूला 'हरवलेली' म्हणणे ही अतिशयोक्ती आहे, हा पहिला. आणि तिच्या पायाखालच्या चौकोनी बांधकामाला मी सॅक्सन (रोमनांनंतरच्या, अकराव्या शतकापूर्वीच्या काळातला) बुरूज ठरवून टाकले, हा दुसरा.

दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. गारगोटीच्या दगडांचा तो पाया उत्खनकांनाही प्रथम सॅक्सन बुरुजाचाच वाटला होता आणि मी तेवढ्यावरच थांबलो, ही माझी घाई. पुढे भोवतालच्या खंदकात स्त्री-पुरुषांचे दोन दगडी अर्धपुतळे, एका बालकाचे शिर आणि षट्कोनी काचेच्या सुरईचे तुकडे मिळाले. हे सारे रोमन असल्याने तेथे रोमन समाधिवास्तू असावी, असे मत पुढे आले.

पहिल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. सुमारे १०८० मध्ये बांधलेले हे पॅरिश चर्च (गावाचे मुख्य चर्च), १८६६ मध्ये वस्तीजवळ नवे चर्च झाल्यावर ओस पडले आणि पाडल्यानंतर त्याचा ढिगारा झाडोऱ्याखाली गेला. लंडन-बर्मिंगहॅम वेगवान रेल्वेचा मार्ग नेमका तेथून ठरला नसता, तर तो कोणी उकरलाही नसता. छायाचित्रांत जमिनीवरच्या भिंती दिसतात. सुमारे तीन हजार माणसांची दफने, जी आता दुसरीकडे हलवावी लागली, ती त्यांत कशी दिसणार?

एक उदाहरण देतो. मधल्या छिद्रातून किरणांसारख्या रेषा निघालेले दोन दगड येथे मिळाले. अशा खुणा प्रार्थनेच्या वेळा दाखवणाऱ्या सावलीच्या घड्याळाच्या असू शकतात, किंवा दुष्ट शक्तींना दूर ठेवण्यासाठी कोरलेल्या (आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून दारावर काही बांधतात, तशाच हेतूने). सुटा दगड हाती आला असता तर मी बिनदिक्कत घड्याळ म्हटले असते. पण त्यांतील एक पश्चिमेकडील आधारभिंतीत जमिनीलगत बसवलेला होता, जेथे घड्याळाचा काहीच उपयोग नव्हता. दगडाची ही जागा उत्खननातच कळू शकली.

सॅक्सन बुरुजाचे वाक्य मी मूळ लेखात आज दुरुस्त केले आहे. शीर्षकातील 'हरवलेले' हा शब्द तसाच ठेवला आहे.