सीडी४ वाढायची वाट बघत बसू नका

एका लेखात म्हटलंय की एचआयव्ही असलेल्या माणसाच्या दाढेत पू झाला तर आधी सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा रक्तातला आकडा) वाढू द्या, तोवर अँटिबायोटिकवर ठेवा, दाढ नंतर काढा. मला हे अजिबात पटलं नाही. माझ्या भावाचं नेमकं असंच झालं, सीडी४ २०० च्या खाली म्हणून एका ठिकाणी नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवलं, चार दिवसांत सूज गालावरून हनुवटीखाली उतरली, तोंडात एक बोटसुद्धा जाईना, थुंकी गिळता येईना म्हणून हातात टॉवेल धरून अख्खी रात्र बसून काढली त्याने. अहो, पू कोंडलेला असतो तिथे औषध नीट पोचतच नाही, तो चिरा देऊन काढावाच लागतो. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी श्वास नीट चालतोय ना ते बघितलं, सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केलं, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी तपासल्या आणि त्याच दिवशी पू काढून दाढही काढली, थोडा पू तपासणीलाही पाठवला.

आणि एआरटीचं, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांचं, त्या लेखात काहीच नाही! गिळता येत नाही म्हणून भाऊ त्या गोळ्याही चुकवत होता, ते कुणी विचारलंच नव्हतं. मनाने डोस बंद करू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. आणि जीभ वर उचलल्यासारखी वाटली, आवाज जड झाला किंवा आडवं झाल्यावर दम लागला तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीला जा.