डॉ. कोटणिसांच्या पत्नी सोलापुरात स्थायिक झाल्या होत्या का?

चीन-जपान युद्धात चिनी जखमींवर उपचार करायला गेलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणिसांचं स्मारक सोलापुरात भैय्या चौकात आहे. त्याच्या फोटोसह व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: 'डॉ. द्वारकानाथ कोटणीस गेल्यावर त्यांची चिनी नर्स पत्नी तान्ह्या बाळाला घेऊन सोलापुरात आली आणि शेवटपर्यंत इथेच राहून रुग्णसेवा केली.' वाचताना डोळ्यांत पाणी येतं, पण असं घडलेलं नाही.

त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान चीनमध्येच राहिल्या. त्या नर्स होत्या, शिवाय युद्धाच्या धामधुमीत कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत नर्सिंग शिकवायच्या. १९४१ मध्ये दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा यिनहुआ झाला आणि ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय अवघं ३२. पुढे गुओंनी दुसरं लग्न केलं. फॉरवर्डवाले हे नेमकं गाळतात, जणू त्यात काही कमीपणा आहे! त्याहून मोठा घाव नंतरचा: डॉक्टरकी शिकत असलेला यिनहुआ १९६७ मध्ये ऐन चोविशीत गेला. तेव्हा काही फॉरवर्डांत जोडलेली 'मुलगा अमेरिकेत डॉक्टर आहे' ही पुस्तीही खोटी.

मग सोलापूर कुठून आलं? डॉक्टरांवरच्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' या १९४६ च्या हिंदी चित्रपटात त्यांची पत्नी झालेली नायिका बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी येते. तो पडद्यावरचा शेवट लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय.

भारतात मात्र गुओ अनेकदा आल्या, कोटणीस कुटुंबाशी नातं त्यांनी शेवटपर्यंत जपलं. २०१२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, चीनमधल्या दालियान शहरात त्यांचं निधन झालं.