खुलासा : उचल (आगाऊ रक्कम) घेतली म्हणून मजूर बांधला जात नाही

ऊसतोडीच्या हंगामात फिरणारा एक संदेश सांगतो : ‘अंगठा देऊन उचल घेतली, म्हणजे मर्जीने आले. फिटेपर्यंत फड सोडता येत नाही.’ हे साफ चूक आहे.

उचल देणे हा गुन्हा नाही. पण तिच्या जोरावर कोयत्याला (ऊसतोड मजुराला) दुसरीकडे जाऊ न देणे किंवा किमान वेतनापेक्षा कमी दर लावणे ही वेठबिगारी ठरते. १९७६च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने असे कर्ज रद्द होते, वसुलीचा दावाही चालत नाही. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करायचे मुकादमाने, म्हणजे उचल देणाऱ्या ठेकेदाराने. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. सक्तीच्या श्रमाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्र. २९ भारताने १९५४मध्येच मान्य केला आहे.

सुटकेसाठी अर्ज प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा. घोडे अडते ते जबाबात. ‘मजुरी थकली’ एवढेच लिहिले की प्रकरण कामगार कार्यालयात जाते आणि मुक्तता प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला) राहून जाते. म्हणून उचलीची रक्कम, मुकादमाचे नाव, जायला कोणी व कसे अडवले, कोणती धमकी दिली, हे जबाबात लिहूनच घ्या. केंद्राच्या योजनेतील ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबत नाही. पुनर्वसनाची मोठी रक्कम मात्र खटल्याच्या निकालाशी जोडलेली आहे.