संपलेला सेल

आमच्या चर्चमध्ये पुलपिटासमोरच्या दारावरचे घड्याळ बंद पडले म्हणून मी स्टुलावर चढून त्यात नवा सेल घातला, एवढाच माझा अपराध. ते पावणेदहावर थांबले होते आणि पाळकसाहेब त्याकडेच पाहून उपदेश आवरता घेत असल्यामुळे त्या रविवारी दहा काही वाजेनात. बायबलात त्रोवस शहरात प्रेषित पौलाचा उपदेश मध्यरात्रीपर्यंत लांबला, तेव्हा खिडकीत पेंगणारा युतुख तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता. आमचे चर्च बैठे आहे म्हणून निभावले.

परवा सूचनांच्या वेळी घड्याळाचे दाते उभे राहिले. घड्याळ त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ आहे, आणि तबकडीवर ते इतक्या ठळक अक्षरांत लिहिले आहे की काटे शोधावे लागतात.

“आमचं घड्याळ कुणाला विचारून उघडलंत?”

“काका, सेल संपला होता.”

“संपला, हे कुणी ठरवलं? पंचकमिटीचा ठराव दाखवा.”

“वीस रुपयांचा सेल, मी माझ्याच पैशांनी आणला.”

“म्हणजे आमच्या वडिलांच्या घड्याळात तुमचा सेल!” हे त्यांनी अशा स्वरात उच्चारले की मागच्या बाकांवरच्या बायकांनी पदर सारखे केले. “आणि जुना कुठाय?”

“टाकला.”

“टाकलात?” ते मटकन खाली बसले आणि बसल्या बसल्या पुन्हा उठले. “अहो, तो सेलही स्मरणार्थच होता!”

यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. १८३१ साली नगरला आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपराच अशी होती की प्रत्येक मंडळीने, म्हणजे प्रत्येक गावच्या चर्चने, आपला कारभार आपणच ठरवावा. पुढे १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आम्हांला वरून कारभार पाहणारे बिशप मिळाले, तरी ठरावाची खोड गेली नाही.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पाच वेळा खाल्लेले एकोणचाळीस फटके, तीनदा छड्यांचा मार, एकदा दगडमार आणि तीनदा फुटलेले तारू असा सगळा हिशेब देऊन सर्व मंडळ्यांची रोजची चिंता अगदी शेवटी सांगितली आहे. हा क्रम मला पूर्वी उलटा वाटत असे. चर्चचा चिटणीस झाल्यापासून वाटत नाही.

काका माझी झडती घेत होते तेव्हा आत साठ-सत्तर माणसे होती, त्यांतले एकही बोलले नाही. नंतर आवारात चौघांनी माझा हात दाबून “तुमचंच बरोबर होतं” असे सांगितले, तेही इकडेतिकडे पाहून. गेल्या पावसाळ्यात वेदीवर पाणी गळू लागले, तेव्हा मी एकटा कौलांवर चढून ताडपत्री बांधली होती. त्या दिवशी मात्र ठराव कोणी मागितला नव्हता.

काल रात्री बायकोच्या देखत घरचा कचऱ्याचा डबा उपडा केला. त्यात चार पेन्सिल सेल निघाले, त्यांपैकी निदान दोन टीव्हीच्या रिमोटचे असावेत. रविवारी चारही घेऊन जातो आहे. काकांनी ओळखून घ्यावा.