‘ड’ जागेवर बाई का नको?

नोव्हेंबर २०२५. नाशिक महापालिकेच्या प्रभागांची आरक्षण सोडत नुकतीच निघाली होती. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारून आम्ही नेहमीसारखे कोपऱ्यावरच्या टपरीशी जमलो. थंडी पडू लागली होती, नानांची कानटोपी काही निघत नव्हती. चहा हातात यायच्या आत आप्पांनी तोंड उघडलं, "आता बघा, निम्मे गडी बायकोच्या नावाने फॉर्म भरतील आणि फ्लेक्सवर स्वतःचा फोटो तिच्यापेक्षा मोठा लावतील."

मी पिशवीतून कागद काढला. आमच्या भागातल्या बायकांनी मिळून एक निवेदन केलं होतं, ते सगळ्या पक्षांच्या शहर कार्यालयांत द्यायचं होतं. मागण्या दोनच. सर्वसाधारण जागांवरही महिलांना तिकीट द्या. आणि महिलांसाठी राखीव झालेली जागा निदान दोन निवडणुका तशीच ठेवा, त्यासाठी सरकारकडे पाठपुरावा करा.

नाना म्हणाले, "अहो, १२२ पैकी ६१ जागा तुमच्याच आहेत. २०११ पासून राज्यात पन्नास टक्के आहे. अजून किती हवं?"

"६१ ही कमीत कमी आहे, नाना. त्याच्यावर जायला कायद्याने कुणी अडवलेलं नाही. सर्वसाधारण म्हणजे काही पुरुषांसाठी राखीव नाही."

आप्पांची हयात पक्षाच्या कामात गेली आहे. त्यांनी आतली गोष्ट सरळ सांगितली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. चार जणांचा प्रभाग असला की अ, ब, क, ड अशा जागा पडतात. राखीव जागा आधी लागतात, शेवटची ‘ड’ बहुतेक ठिकाणी सर्वसाधारण. पॅनेलचा जो म्होरक्या, तो ‘ड’वर. पैसा त्याचा, गाड्या त्याच्या, कार्यकर्ते त्याचे. मग राखीव जागांवर कोण, तर त्याला त्रास न देणारी. "निवडून येण्याची क्षमता बघावी लागते," ते म्हणाले.

"ती क्षमता येणार कुठून? संधीच दिली नाही तर?" हे वहिनी बोलल्या. वहिनी म्हणजे नानांच्या सौभाग्यवती. गेली कित्येक वर्षं आप्पांच्याच पक्षासाठी मतदारयादी घेऊन जिने चढतात, चिठ्ठ्या वाटतात. कुणाच्या घरी मत पक्कं, कुणाचा मुलगा पुण्याला गेला, कुणाचं नाव यादीतून उडालं, हे त्यांना तोंडपाठ आहे.

नाना मात्र मुद्द्यावर आले. सरपंचपती, नगरसेविकेचे यजमान, हे सगळं नाटकच नाही का? सही हिची, कारभार त्याचा.

हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. माझी मावसबहीण निफाड तालुक्यात सरपंच होती, राखीव जागेवरून. पहिले सहा महिने तिचे यजमानच भाऊसाहेबांशी बोलायचे. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. रजिस्टर घरी यायचं, ती चुलीपासून उठून हात पुसून सही करायची. मग एका उन्हाळ्यात पाण्याची मोटर जळाली. गावातल्या बायका रिकामे हंडे घेऊन आल्या त्या हिच्या दारात. यजमानांकडे कुणी गेलं नाही. त्या दिवशी तिने पहिल्यांदा रोकडवही मागितली. लेकीला कॅल्क्युलेटर घेऊन शेजारी बसवलं आणि पान पान पाहिलं. एकाच महिन्यात एकाच मोटरच्या दुरुस्तीची दोन बिलं. पुढच्या मासिक सभेला तिने नवऱ्याला सगळ्यांसमोर सांगितलं, "तुम्ही बाहेर थांबा, तुम्ही सदस्य नाही." हे मला सांगताना तिचा आवाज थरथरत होता, तेव्हासुद्धा.

आमच्यात एक पोरगा वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आम्ही त्याला वकीलसाहेबच म्हणतो. तो म्हणाला, "मावशी, याच्यावर अभ्यास झालाय. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती पाहिल्या होत्या, २००४ ला तो छापून आला. जिथे पद बाईसाठी राखीव, तिथे पिण्याच्या पाण्याच्या कामांवर जास्त भर."

"मग ती मावसबहीण पुढे काय झाली?" नानांनी विचारलं.

काहीच नाही. हेच माझं दुखणं आहे. मुदत संपली, सरपंचपदाचं आरक्षण बदललं. पंचायत समितीचं तिकीट मागायला गेली तर म्हणाले, तुमचा गण, म्हणजे मतदारसंघ, या वेळी सर्वसाधारण आहे ताई, पुढच्या वेळी बघू. पाच वर्षांत बाई कारभार शिकते आणि शिकून तयार झाली की दार बंद. पुढच्या वेळी दुसऱ्या गावात दुसरी बाई पहिल्यापासून सुरुवात करते. नवऱ्यांच्या कारभाराला नावं ठेवणारे यावर गप्प का, हे मला खरंच कळत नाही. एकाच मुदतीसाठी आलेली बाई कळसूत्री राहण्याचीच शक्यता जास्त. तामिळनाडूने हे ओळखलं, तिथे पंचायतींचं आरक्षण दहा वर्षं, म्हणजे दोन मुदती ठेवतात.

वकीलसाहेबाने यात एक भर घातली, ती मला माहीत नव्हती. लोकसभा-विधानसभेतल्या एकतृतीयांश आरक्षणाच्या कायद्यात जागा फिरतील त्या दर निवडणुकीला नाही, तर दर मतदारसंघ पुनर्रचनेनंतर. म्हणजे दिल्लीने स्वतःसाठी लिहिताना हा विचार केला. सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत तो ४५४ विरुद्ध २ मतांनी पास झाला. पण अट घातली की आधी जनगणना, मग पुनर्रचना, मग आरक्षण. १९९६ ला पहिलं विधेयक आलं तेव्हा मी नोकरीला लागले होते. आता निवृत्त होऊन ट्रॅकवर फिरतेय.

नाना हटले नाहीत. "आपल्या नाशिकमध्येच बघा. मध्य, पश्चिम, देवळाली. फरांदे, हिरे, आहिरे. तिन्ही आमदार बाया, एकीलाही बाई म्हणून आरक्षण नव्हतं. पहिल्या दोघी तर २०१४ पासून लागोपाठ तीनदा."

हा मुद्दा वजनदार होता. मी थोडी थांबले. खरंच आहे, तिकीट दिलं तर नाशिकचा मतदार बाईला निवडून देतो, पुन्हा पुन्हा देतो. पण मग तिकीटच का मिळत नाही? जिल्ह्यात १५ जागा, बाया तीन, तिन्ही शहर आणि शहरालगतच्या. उरलेल्या बारांत एकही नाही. विधानसभेत २८८ पैकी २१. आणि नाशिक लोकसभेने १९५२ पासून आजवर एकाही बाईला दिल्लीला पाठवलेलं नाही. यशवंतराव चव्हाणांना बिनविरोध पाठवणारं हे गाव.

"बायका स्वतःच पुढे येत नाहीत हो," आप्पा पुटपुटले.

१९३० ला काळारामाच्या सत्याग्रहात बायका होत्या, आप्पा. इथून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर. तिथे उभं राहायला महापालिकेच्या फॉर्मपेक्षा जास्त हिंमत लागत होती.

चहाचे ग्लास रिकामे झाले. वहिनींनी कागद माझ्या हातातून घेतला, सही केली, आणि पेन आप्पांपुढे धरलं.

"आप्पा, मी फॉर्म भरायचा ठरवला तर ‘ड’वरच भरीन. सूचक म्हणून तुम्ही सही कराल?"

नानांनी कानटोपी काढून हातात घेतली. आप्पांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"आधी या कागदावर करतो," ते म्हणाले, आणि केली.